जहाजावरून खाली कोण उतरतं, कशाला उतरतं? खान्देशातून येणारे नेहमीचे प्रश्न

मी चोपडा तालुक्यातला. मर्चंट नेव्हीत सेकंड मेट आहे, म्हणजे जहाजावरचा तिसऱ्या नंबरचा डेक ऑफिसर. आमच्याकडे समुद्राशी नातं एवढंच की तापी आपली वाहत वाहत सुरतेच्या पुढे जाऊन खाडीला मिळते. त्यामुळे सुट्टीवर आलो की आखाजीला, लग्नाच्या पंगतीत, अमळनेर स्टेशनाबाहेर चहा पिताना लोक तेच तेच प्रश्न विचारतात, आणि सगळ्यात जास्त हेच की बंदरात गेल्यावर तुम्ही खाली उतरता का, फिरता का, कोण पाठवतं, काय काम असतं. दरवेळी तोंडाला फेस येईपर्यंत सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या वेळी लिंक पाठवून देईन.

जहाज बंदराला लागलं की सगळे खाली उतरतात ना?

नाही हो. हा सगळ्यात मोठा गैरसमज. आमच्यासारख्या बल्क जहाजावर, म्हणजे कोळसा, धान्य, खत असा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, माणसं असतात जेमतेम वीस-बावीस. जहाजाची लांबी १९० मीटर, चार क्रेन, पाच गोडाऊन, आणि हे सगळं सांभाळायला वीस जण. बंदरात तर काम वाढतं, कमी होत नाही. माल चढ-उतार चालू असताना एक ऑफिसर आणि एक खलाशी कायम डेकवर, एक माणूस गँगवेला म्हणजे शिडीच्या तोंडाशी, इंजिनवाल्यांना नेमकी तेव्हाच मशीन उघडून दुरुस्ती करायची असते कारण समुद्रात इंजिन बंद करता येत नाही. वर इन्स्पेक्शनवाले येतात, एजंट येतो, पाणी, डिझेल, किराणा येतो.

त्यातून दिवसाला किमान दहा तास आराम मिळालाच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्याची नोंद ठेवावी लागते. मग ज्याचे हे दहा तास आहेत तो बिचारा झोपणार की बाजारात जाणार? बहुतेक जण झोपतात, खरं सांगतो.

आणि वेळ कुठे असतो. कंटेनरचं जहाज काही तासांत माल टाकून निघून जातं. ऑस्ट्रेलियात पोर्ट हेडलँडला लोखंडाची माती पट्ट्यावरून धो धो पडते, एक-दीड दिवसात जहाज भरलं की चला. उलट ब्राझीलमध्ये साखर किंवा सोयाबीन भरत असलो आणि पाऊस आला की झाकणं बंद, काम बंद. शेतकऱ्याच्या घरचा पोरगा असून पाऊस बघून एवढा आनंद मला फक्त सांतोसलाच झालाय, आणि तो पिकासाठी नव्हता.

मग कामासाठी खाली कोण उतरतं? काम काय असतं?

सगळ्यात नेहमीचं काम म्हणजे ड्राफ्ट बघणं. जहाज पाण्यात किती बुडालंय ते. लोकांना वाटतं वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, कॉम्प्युटरवर आकडा दिसत असेल. असे सेन्सर असतात पण मालाच्या हिशोबाला त्यांच्यावर कोणी विसंबत नाही. जहाजाच्या अंगावर पुढे, मध्ये आणि मागे, दोन्ही बाजूंना आकडे रंगवलेले असतात, असे सहा ठिकाणी जाऊन डोळ्यांनी वाचायचे. त्यासाठी चीफ मेट म्हणजे कॅप्टनच्या खालचा डेक ऑफिसर, सर्व्हेयर म्हणजे मालाची मोजणी तपासणारा बाहेरचा माणूस, आणि वही धरायला एखादा कॅडेट म्हणजे शिकाऊ पोरगा, असे तिघं धक्क्यावर उतरतात. समुद्राकडची बाजू असेल तर छोट्या बोटीतून, नाहीतर दोराच्या शिडीवर लटकून.

मी कॅडेट असताना पहिल्यांदा गेलो ती पहाटेची तीनची वेळ, बोचरी थंडी, धक्क्यावर कोळशाचा चिखल. आकडा दहा सेंटिमीटर उंच असतो आणि दोन आकड्यांच्या मध्ये दहा सेंटिमीटर मोकळी जागा. पाणी आकड्याच्या बुडाला टेकलं तर तो आकडा पूर्ण. पण पाणी काही स्थिर उभं राहतंय का, लाट वर येते, खाली जाते, वर येते. चीफ मेट पोटावर आडवा झाला, टॉर्च मारली आणि चांगली पाच मिनिटं काही बोललाच नाही, नुसतं बघत राहिला, मग म्हणाला लिही, नऊ पूर्णांक चौऱ्याऐंशी. सर्व्हेयर म्हणाला शहाऐंशी. दोन सेंटिमीटरवरून दोघं अशी हुज्जत घालायला लागले की मला हसू आलं. तेव्हा चीफ मेटने सांगितलं की आपलं जहाज एक सेंटिमीटर जास्त बुडवायला पंचावन्न-साठ टन माल लागतो. आपल्या भाषेत सांगायचं तर एका सेंटिमीटरमागे केळीचे चार ट्रक. हसणं बंद.

ते झालं की दोरीला बांधलेली बादली पाण्यात सोडून नमुना घ्यायचा, त्यात हायड्रोमीटर तरंगवायचा. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ धरतात, गोड्या पाण्याची १.०००. नदीतलं बंदर असलं की दोन्हीच्या मधलं काहीतरी निघतं, आणि पाणी जितकं गोडं तितकं जहाज जास्त बुडतं. हे सगळे आकडे घेऊन वर जायचं आणि हिशोब करायचा, किती टन माल चढला. या कागदावर करोडोंचा व्यवहार उभा असतो आणि आकडे आणलेले असतात पोटावर झोपलेल्या माणसाने.

दोर बांधायला तुमचीच माणसं खाली उडी मारतात का?

उडी नाही हो, उडी मारली तर कंपनी घरी पाठवेल, नशीब असलं तर जिवंत. बहुतेक बंदरांत धक्क्यावर तिथलीच माणसं असतात. आम्ही वरून हीव्हिंग लाइन फेकतो, म्हणजे टोकाला वजनाची गाठ असलेली बारीक दोरी, तिला जाडा दोर बांधलेला असतो, ते ओढून खुंट्यात अडकवतात. सुएझला तर उलटं, कालव्याचे बोटवाले त्यांच्या बोटीसकट आमच्या जहाजावर चढतात आणि वेळ पडली तर बोट पाण्यात सोडून दोर काठाला नेतात. एकशे त्र्याण्णव किलोमीटरचा कालवा, बरं चाललं असेल तर ते दिवसभर डेकवर चादरी टाकून आपला छोटा बाजार मांडून बसतात.

पण एक जागा आहे जिथे आपलीच माणसं खाली सोडतात आणि ते मी स्वतः केलंय. कॅनडा-अमेरिकेच्या मध्ये सेंट लॉरेन्स सीवे आहे, १९५९ ला सुरू झाला, त्यातून समुद्राची जहाजं पार आतल्या मोठ्या सरोवरांपर्यंत जातात. वाटेत लॉक आहेत, म्हणजे पाण्याच्या पायऱ्या समजा. लॉकचा नंबर यायच्या आधी भिंतीला लागून थांबावं लागतं आणि तिथे दोर घ्यायला कोणी असेलच असं नाही. म्हणून पन्नास मीटरच्या वरच्या जहाजाला दोन्ही बाजूंना लँडिंग बूम लागतोच. बूम म्हणजे बाहेर फिरणारा एक लांब दांडा, त्याच्या टोकाला दोर, दोराला एक लाकडी फळी. त्या फळीवर बसायचं, लाइफ जॅकेट घालून, दोर घट्ट धरून, आणि जहाज अजून हळूहळू सरकतंय तोवर दांडा बाहेर फिरवतात. पायाखाली जहाजही नाही, भिंतही नाही, काळं पाणी. बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, वरून दोर सोडत असतो, भिंत जवळ आली की पाय टेकायचे, फळी सोडायची आणि बाजूला व्हायचं, लगेच दुसरा येतो. मग दोघांनी पळत पळत दोर ओढून खुंट्यात घालायचा.

आपल्याकडे जत्रेतल्या पाळण्यात बसून मी लहानपणी रडलोय. त्या दिवशी रडायला वेळच नव्हता. आता तिथे बऱ्याच लॉकमध्ये मशीन आलीय, जहाजाला व्हॅक्यूमने चिकटून धरते, दोर लागत नाही. चांगलंच झालं.

उतरायला परमिशन कोणाची लागते? पासपोर्ट असला की झालं ना?

पासपोर्ट आहे, शिवाय सीडीसी म्हणजे खलाशाचं पुस्तक, शिवाय सीफेरर आयडी, ते बायोमेट्रिक कार्ड भारतात २०१९ पासून मिळायला लागलं. एवढं असून परवानगी तीन जणांची लागते आणि तिघांपैकी कोणीही नाही म्हणू शकतो.

पहिला कॅप्टन. तो म्हणाला काम आहे, नाही जायचं, विषय संपला. पण प्रत्यक्षात चीफ मेट किंवा सेकंड इंजिनियरच ठरवतात की ड्यूटीतून कोणाला सोडायचं.

दुसरं त्या देशाचं इमिग्रेशन. १९६५ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याला आम्ही फाल म्हणतो, त्यात म्हटलंय की जहाज बंदरात असेपर्यंत खलाशाला किनाऱ्यावर जाऊ द्यावं आणि त्यासाठी व्हिसाची अट नसावी. बरेच देश त्यावर शोअर पास देतात, एक साधा कागद, वर शिक्का. २०१८ पासून त्यात हेही आलं की देश, वंश, रंग, धर्म बघून भेदभाव करायचा नाही. हे ऐकून छान वाटतं. अमेरिका मात्र व्हिसा मागतेच. तिथे जहाजावर ऑफिसर येतात, मेसमध्ये सगळ्यांना रांगेत उभं करतात, एकेकाचा चेहरा आणि पासपोर्ट बघतात आणि मग आय-९५ नावाचा कागद मिळतो, जास्तीत जास्त २९ दिवसांचा. व्हिसा नसला तर जहाजावरच बसा, खिडकीतून अमेरिका बघा. ऑस्ट्रेलियाचा क्रू व्हिसा ऑनलाइन फुकट मिळतो, पण आधीच काढून ठेवावा लागतो.

तिसरा टर्मिनलवाला, म्हणजे ज्याच्या मालकीचा धक्का आहे तो. १ जुलै २००४ पासून बंदरांच्या सुरक्षेचा आयएसपीएस कोड लागू झाला, तेव्हापासून धक्का म्हणजे जवळजवळ किल्लाच. जेटीवरून गेटपर्यंत चालत जाता येत नाही, गाडी लागते, सोबत माणूस लागतो. मला एका देशातल्या एका टर्मिनलला गेटपर्यंतच्या सातशे मीटरला एवढे डॉलर मागितले होते की तेवढ्यात जळगाव-मुंबई एसीने जाऊन परत आलो असतो. मी आणि फिटर दोघं शिडी उतरलो, रेट ऐकला आणि तसेच वर चढलो. निदान अमेरिकेने २०२० पासून टर्मिनलवाल्यांना बंधन घातलंय की खलाशाला गेटपर्यंत फुकट सोडायचं.

कायद्याने हक्क आहे का मग?

आहे. मॅरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ चं, लागू झालं ऑगस्ट २०१३ मध्ये, भारताने २०१५ ला स्वीकारलं. त्यात साफ लिहिलंय की खलाशाच्या तब्येतीसाठी, मनासाठी शोअर लीव्ह, म्हणजे किनाऱ्यावर जायची सुट्टी, द्यायची, मात्र कामाच्या गरजेला धरून. आता ही "कामाची गरज" कोण ठरवणार ते वर सांगितलंच.

कोविडमध्ये काय झालं ते तर विचारूच नका. २०२० मध्ये अंदाजे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजावर अडकले होते. शोअर लीव्ह सोडा, घरी जाता येईना. आमच्याच जहाजावरचा एक कुक अकरा महिने पूर्ण करून वर अजून चार महिने थांबला. शेवटी शेवटी तो दुपारी गँगवेच्या वरच्या पायरीवर जाऊन नुसता बसायचा. खाली उतरायला बंदी होती, पण पायरी जहाजाचीच, त्यामुळे कोणी काही म्हणायचं नाही.

कोणी आजारी पडलं तर?

हे माझं खातं. सेकंड मेटकडे औषधाचं कपाट असतं, त्यामुळे पेशंटला घेऊन उतरायला बऱ्याचदा मलाच पाठवतात. समुद्रात असताना दुखलं तर रेडिओ-सॅटेलाइटवरून डॉक्टरला विचारून गोळ्या द्यायच्या, बंदर आलं की खरा डॉक्टर.

ब्राझीलमध्ये परानागुआला आमच्या फिटरची दाढ सुजली होती, गाल असा की एका बाजूने बघितलं तर वेगळाच माणूस. एजंटने गाडी पाठवली. ड्रायव्हरला इंग्लिश येत नाही, आम्हाला पोर्तुगीज येत नाही, फोनवरच्या ट्रान्सलेटरमध्ये बोलायचं आणि स्क्रीन दाखवायची. मी बोललो "ठणका मारतोय", त्याचं काय झालं देवाला ठाऊक, डॉक्टरीणबाई हसत सुटल्या. वीस मिनिटांत दाढ काढून हातात दिली.

पण सांगायचं ते वेगळंच. आम्ही दोघं खाली जाणार ही बातमी आदल्या रात्री जेवणाच्या वेळी फुटली आणि सकाळी निघेपर्यंत माझ्या खिशात अकरा जणांच्या चिठ्ठ्या. चार्जरची वायर, दाढीची ब्लेड, खोबरेल तेल मिळालं तर बघा, शाम्पू, एकाला मुलीसाठी रंगीत पेन्सिली, बोसनला लाल मिरची, पण तिखटवाली, रंगाची नको. दवाखान्याचं काम अर्ध्या तासात आणि चिठ्ठ्यांचं काम तीन तास. दाढ काढलेला फिटर तोंडात कापूस धरून सुपरमार्केटमध्ये ट्रॉली ढकलतोय आणि मी हिशोब करतोय की कोणाचे किती डॉलर. जहाजावरून एक माणूस उतरला की त्याच्यासोबत वीस जणांची यादी उतरते. खोबरेल मिळालं नाही. ज्याने सांगितलं होतं तो तीन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

जहाज लांब समुद्रात नांगर टाकून उभं असलं तर?

तर लाँच म्हणजे छोटी बोट मागवावी लागते, पैसे कोण देणार यावर सगळं अडतं. कामासाठी असेल तर कंपनी, फिरायला असेल तर वर्गणी. आणि चढ-उतार दोराच्या शिडीवरून. जहाज पाण्याच्या नऊ मीटरपेक्षा उंच असलं तर वरचा भाग साधी शिडी आणि खालचा दोराची, अशी जोडून लावतात. लाट बोटीला वर उचलते त्या क्षणी पाय टाकायचा, खाली जाताना नाही. दारू पिऊन परत येणाऱ्याची इथे खरी परीक्षा. आमच्या एका कॅप्टनचा नियमच होता, लाँचने गेलात तर थेंबही नाही. मला तो तेव्हा खडूस वाटायचा.

वेळेवर परत आलं नाही तर? जहाज सोडून जातं का?

जातं. गँगवेला एक पाटी असते, त्यावर खडूने लिहिलेलं असतं, शोअर लीव्ह संपायची वेळ, जहाज निघायची वेळ. उतरताना रजिस्टरमध्ये सही, कार्ड जमा, चढताना परत सही. समजा रात्री दहा लिहिलंय तर दहा म्हणजे दहा. पायलट म्हणजे बंदरातून जहाज बाहेर काढणारा वाटाड्या आला, टग म्हणजे जहाज ओढणाऱ्या बोटी आल्या, की एका माणसासाठी जहाज थांबवायचा खर्च कोणी करत नाही. मग तो माणूस एजंटच्या गळ्यात पडतो, एजंट त्याला पुढच्या बंदराला पाठवतो नाहीतर घरी, आणि बिल कंपनीकडे.

मुद्दाम पळून गेला तर प्रकरण वेगळं. पोलीस, इमिग्रेशन, कंपनीला दंड, सीडीसीचं वाटोळं, आणि त्या कंपनीच्या पुढच्या जहाजावरच्या आपल्या पोरांना तिथे शोअर पास मिळताना त्रास. एकाच्या हौसेने वीस जणांची दारं बंद.

आपल्याकडची केळी नेता का तिकडे?

हा प्रश्न फक्त आमच्याच भागात येतो. जळगावच्या केळीला जीआय टॅग आहे, २०१६ पासून, त्यामुळे मान ताठ आहेच. पण नाही. जहाजावरचं कुठलंही फळ, भाजी, मांस ऑस्ट्रेलियासारख्या देशात खाली नेता येत नाही, त्यांच्या पिकांना रोग लागू नये म्हणून. आमचा एक नवीन कॅडेट, तोही इकडचाच, रावेरकडचा, खाली उतरताना भूक लागेल म्हणून बॅगेत दोन केळी टाकून निघाला. मी गँगवेलाच पकडला म्हणून वाचला, गेटवर सापडला असता तर दंड त्याच्या अख्ख्या महिन्याच्या स्टायपेंडच्या बाहेर गेला असता. तिथेच शिडीच्या तोंडाशी उभं राहून त्याने दोन्ही केळी खाल्ली आणि साली माझ्या हातात दिल्या.

नेव्हीवाले उतरतात ते वेगळं का?

पूर्ण वेगळं. आम्ही माल वाहणारे, ते फौजी. त्यांच्या जहाजावरून जी तुकडी बोटीने किंवा हेलिकॉप्टरने दुसऱ्या जहाजावर जाते तिला बोर्डिंग टीम म्हणतात, तिचं ट्रेनिंग, हत्यारं, सगळं वेगळं. जानेवारी २०२४ चं उदाहरण घ्या. सोमालियाच्या बाजूला लीला नॉरफोक नावाच्या मालवाहू जहाजावर हत्यारबंद लोक चढले, २१ जणांचा क्रू, त्यात १५ आपले भारतीय. क्रूने काय केलं, सिटाडेलमध्ये जाऊन आतून कडी लावली. सिटाडेल म्हणजे जहाजातली आधीच ठरवलेली मजबूत खोली, तिथून मदत मागता येते. आयएनएस चेन्नई पोचली, नौदलाचे मार्कोस कमांडो जहाजावर चढले, एकेक डेक तपासत गेले, चोर सापडले नाहीत, ते आधीच सटकले होते, सगळे २१ जण सुखरूप.

त्याच वर्षी मार्चमध्ये चाच्यांच्या ताब्यातलं रुएन जहाज सोडवायचं काम तर जवळजवळ ४० तास चाललं, विमानातून कमांडो आणि त्यांच्या बोटी समुद्रात उतरवल्या, ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुटले. आम्ही दर काही महिन्यांनी सिटाडेलमध्ये जायची ड्रिल करतो तेव्हा पोरं कंटाळतात. मी त्यांना हीच दोन नावं सांगतो.

सिरियलमध्ये कॅप्टन स्वतः टीम घेऊन उतरतो, खरंच असं असतं?

भाच्याचा प्रश्न. तो अंतराळातल्या जहाजांच्या सिरियल बघतो, तिथे प्रत्येक नवीन ग्रहावर कॅप्टन, डॉक्टर, इंजिनियर असे सगळे बडे लोकच उतरतात आणि जहाज कोणाच्या भरवशावर ठेवतात कोण जाणे. आमच्याकडे कॅप्टन आणि चीफ मेट एकाच वेळी खाली गेलेले मी तरी पाहिले नाहीत.

जुन्या काळात मात्र कॅप्टन उतरायचे. तेव्हा पाणी, लाकूड, ताजा भाजीपाला हे सगळं अनोळखी किनाऱ्यावरून आणावं लागायचं, बोटीतून पिंपं घेऊन माणसं पाठवायचे. मॅगेलन १५२१ मध्ये फिलिपिन्समधल्या मक्तान बेटावर लढायला उतरला आणि तिथेच मारला गेला. कॅप्टन कुक १४ फेब्रुवारी १७७९ ला हवाईत उतरला, कारण काय तर जहाजाची एक बोट चोरीला गेली होती आणि तिथल्या राजाला ओलीस धरून ती परत मिळवायची होती. किनाऱ्यावर गर्दी जमली, झटापट झाली, कुक आणि त्याचे चार सैनिक गेले. एका बोटीपायी. आमच्याकडे बोट हरवली तर आधी चार फॉर्म भरायला लागतात, ते एका अर्थी बरंच आहे.

आणि अंतराळाचंच म्हणाल तर जुलै १९६९ चं अपोलो ११ बघा. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन खाली चंद्रावर, आणि मायकल कॉलिन्स वर कोलंबिया यानात एकटा चकरा मारतोय. मिशनचा कमांडर आर्मस्ट्राँग खाली उतरला म्हणजे भाच्याची सिरियल अगदीच खोटी नाही. पण दोघं यानाच्या बाहेर फिरले अडीच तास, एकवीस-बावीस किलो दगडमाती गोळा केली, आणि कॉलिन्स दर फेरीला चंद्राच्या मागे गेला की पाऊण तासाहून जास्त वेळ त्याचा रेडिओ बंद. जगाने दोघांची पावलं बघितली. मी भाच्याला सांगितलं, तो तिसरा आहे ना, त्याची गँगवे ड्यूटी होती.

घरच्यांना कसं कळतं तुम्ही उतरलात ते?

आता जहाजावर इंटरनेट आहे, पूर्वीसारखं राहिलं नाही. तरी बऱ्याच बंदरांत सीमेन्स क्लब असतात, मिशन टू सीफेरर्स १८५६ पासून चालू आहे, स्टेला मारिस १९२० पासून. चर्चचे लोक चालवतात पण धर्म कोणी विचारत नाही. व्हॅन पाठवतात, सिमकार्ड मिळतं, वायफाय, कॉफी, बिलियर्ड, जुनी पुस्तकं, हिवाळ्यात लोकरीच्या टोप्या फुकट. शहर बघायला वेळ नसलेल्या माणसाला त्या देशाची ओळख म्हणजे बऱ्याचदा ती व्हॅन चालवणारे रिटायर झालेले आजोबाच.

माझी माय फोन उचलला की पहिलं विचारते, "आज खाले उतरना का रे भाऊ?" उतरलो म्हटलं की दुसरा प्रश्न, "काय खादं?" एकदा मी म्हटलं पिझ्झा. ती म्हणाली मग जेवलास कधी?

आमच्या पोराला पाठवायचंय, कोणाला भेटू?

थोडक्यात सांगतो कारण हा वेगळा विषय आहे. ऑफिसर व्हायचं तर बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये ६० टक्के, इंग्रजीत ५०, आणि आयएमयू-सीईटी, म्हणजे इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा. खलाशी म्हणून जायचं तर दहावीनंतर जीपी रेटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स. इन्स्टिट्यूट डीजी शिपिंगची, म्हणजे जहाजांचा कारभार बघणाऱ्या सरकारी ऑफिसची, मान्यता असलेलीच हवी, नोकरी लावणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल म्हणजे खलाशी भरतीचं लायसन्स हवं, दोन्ही डीजी शिपिंगच्या साइटवर तपासता येतं.

आणि नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा दिसला की उठून चालू लागा, असे पैसे घेणं नियमात बसतच नाही. आमच्या शेजारच्या गावातल्या एका पोराकडून एकाने चार लाख घेतले, वडिलांनी शेत गहाण टाकलं, पोराला परदेशात नेऊन एका भंगार जहाजावर बसवलं ज्याचे कागदच खरे नव्हते. त्याला सहा महिने जमिनीवर पाय ठेवता आला नाही, कारण सीडीसीच नकली, शोअर पास कोण देणार? आला शेवटी परत. आता ट्रॅक्टर चालवतो, समुद्राचं नाव काढलं तर उठून जातो.

बायका असतात का जहाजावर?

असतात, वाढतायत, मी स्वतः एका बाई चीफ मेटच्या हाताखाली काम केलंय. ड्राफ्ट बघताना तिच्याइतकं चिवट कोणी पाहिलं नाही.

सहा-सात महिन्यांनी घरी आल्यावर जमीन हलल्यासारखी वाटते का?

पहिला दिवस थोडी हलते, न्हाणीत डोळे मिटून डोक्यावर पाणी घेताना हमखास. ते जातं. जात नाही ती झोपेची सवय. सेकंड मेटची ड्यूटी बारा ते चार, दुपारी पण आणि रात्री पण, त्यामुळे घरी आलो तरी रात्री पावणेबाराला डोळे टक्क उघडे. पूर्वी अंगणात फेऱ्या मारायचो. आता शेतातली लाइट रात्रीचीच असते त्या आठवड्यात बाप मोटर चालू करायला उठतो तेव्हा मी आधीच चप्पल घालून ओट्यावर बसलेला असतो, दोघं टॉर्च घेऊन केळीत जातो, पाणी फिरवतो, चारला परत येतो आणि मला गाढ झोप लागते. बाप सगळ्या गावाला सांगत सुटलाय की पोरगं आता शेतीत लक्ष घालायला लागलं.